जीप्रॉफची (प्रोग्रॅममधल्या कोणत्या फंक्शनमध्ये किती वेळ जातो ते मोजणारं टूल) जीमॉन.आउट ही आकड्यांची फाइल भलत्याच फोल्डरमध्ये येते आणि दर वेळी आकडे वेगळे. फाइल करप्ट होते का?

करप्ट नाही. ही फाइल प्रोग्रॅम संपताना लिहिली जाते, तेव्हा तो ज्या फोल्डरमध्ये असेल तिथेच. आकडे बदलतात म्हणजे फोर्क आहे का बघा, म्हणजे चालू प्रोग्रॅम स्वतःची प्रत काढतो का: मूळ तो पॅरेंट, प्रत तो चाइल्ड. चाइल्ड एक्झिट करताना त्याच नावाने आपली फाइल लिहितो आणि आधीची पुसतो.

धरणगावकडच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्याचं आमचं सॉफ्टवेअर होतं. कापसाच्या हंगामात गेटबाहेर ट्रॅक्टरची रांग, एकेका पावतीला मिनिट-मिनिट. शेतकरी खिडकीशी येऊन विचारायचे, "भाऊ, आखो कितला येळ?" पुण्याच्या सीनियरना पावत्यांच्या फोल्डरमध्ये जीमॉन.आउट सापडली. छपाईच्या फंक्शनसमोर कॉल भरपूर, वेळ मात्र ०.००. "टूलच खोटं बोलतंय, १९८२ सालचा जुनाट प्रकार," म्हणाले, फाइल उडवायची स्क्रिप्ट लावली आणि मालकाला नवीन मशीन घ्यायला सांगितलं.

मी तेव्हाही म्हणालो होतो, आजही म्हणतो: ०.०० बरोबरच होतं. फोर्क झाल्यावर प्रोफाइलचा टायमर चाइल्डला मिळत नाही. कॉल मोजले जातात, वेळ नाही. त्या फाइलमधला वेळ फोर्कपर्यंतचा, पॅरेंटचा. आणि पॅरेंटची स्वतःची फाइल कधी आलीच नव्हती, कारण रात्री त्याला किल -९ मारायचे, म्हणजे फाइल लिहायची संधी न देता तिथल्या तिथे बंद करायचे. मी सिग्टर्म (प्रोग्रॅमला बंद व्हायला सांगणारा सिग्नल) पकडून मेन लूपमधून नीट बाहेर पडायची सोय केली आणि जीमॉन_आउट_प्रीफिक्स हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावलं (खरं नाव इंग्रजी कॅपिटलमध्ये). त्याने नावामागे पीआयडी (प्रोसेसचा नंबर) लागतो, फाइली वेगळ्या राहतात. पॅरेंटच्या फाइलीत सगळ्यात वर शेतकऱ्याचं नाव जुळवणारं फंक्शन! दर पावतीला अख्खी यादी पहिल्यापासून तपासत होतं. यादी सॉर्ट करून त्यात अर्ध्या-अर्ध्याने शोधायला लावलं, रांग हलली. मशीन जुनंच होतं.

टूलवर खापर फोडणाऱ्याने आधी फाइल कोणत्या प्रोसेसची आहे ते सांगावं. ते न बघता मालकाच्या खिशात हात घालणं मला अजिबात मान्य नाही.

चाइल्डची फाइल नकोच असेल तर त्यात एक्झिटऐवजी अंडरस्कोअर-एक्झिट वापरा; ते शेवटची लिहालिही न करता प्रोसेस संपवतं. हो, जीप्रॉफ सेकंदाच्या शंभराव्या भागाने नमुने घेतं, त्यामुळे क्षणात संपणाऱ्या प्रोग्रॅमचे आकडे तसेही हलतात. डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळही त्यात दिसत नाही. तिथे एसट्रेस (प्रोग्रॅम सिस्टिमकडे काय काय मागतो ते दाखवणारं टूल) लावा. तुमचा प्रोग्रॅम थांबवता कसा, ते प्रश्नात लिहिलेलं नाही. तेवढं कळवा.