पऱ्यातला किडा: शेपट्या मोजू नका, कल्ले बघा

प्रश्न: आमचं घर देवरुखजवळ, मागेच पऱ्या (छोटा ओढा) आहे. दिवाळीनंतर पाणी निवळलं की पोरं धोंडे उलटत बसतात. परवा एका धोंड्याखाली चपटे, तीन शेपट्यांचे किडे दिसले, एकाला मात्र दोनच होत्या. शेजारचे काका म्हणतात डासाच्या अळ्या आहेत, फिनेल ओता. मोबाईलवर शोधलं तर मेफ्लाय नावाच्या उडणाऱ्या किड्याची, पाण्यात वाढणारी पिल्लं असं आलं. नक्की ओळखायचं कसं?

उत्तर: ताई, फिनेल अजिबात ओतू नका. डासाच्या अळीला पायच नसतात आणि ती साचलेल्या पाण्यात असते, हा सहा पायांचा किडा वाहत्या पाण्यात दगडाला धरून बसलाय.

आता शेपट्यांचं. बहुतेक मेफ्लायना तीन असतात, पण त्या पटकन तुटतात, शिवाय एपिओरससारख्या काहींना मुळातच दोन असतात, आणि स्टोनफ्लाय म्हणून वेगळाच किडा त्याच दगडाखाली मिळतो त्यालाही दोनच, म्हणून नुसत्या शेपट्या मोजल्या की माणूस हमखास फसतो. पांढऱ्या बशीत पऱ्याचंच पाणी घ्या, किडा मऊ ब्रशने उतरवा (चिमट्याने नको, चिरडतो) आणि पोट बघा. पोटाच्या दोन्ही कडांना ओळीने पानांसारखे किंवा पिसांसारखे कल्ले असले तर मेफ्लाय. स्टोनफ्लायचे कल्ले झुपक्यांसारखे, छातीला पायांच्या मुळाशी असतात. तरी शंका राहिली तर भिंगातून पायाचं टोक बघा, मेफ्लायला एक नखी, स्टोनफ्लायला दोन. टाचणीच्या (चतुरासारखा बारीक अंगाचा किडा) पिल्लालाही मागे तीन शेपट्या दिसतात पण ती रुंद पानं असतात, तेच तिचे कल्ले.

तुमचे चपटे, डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला असतील तर हेप्टाजेनिडी कुळातले. अंग दगडाला सपाट चिकटतं म्हणून जोराच्या धारेतही टिकतात, मला सगळ्यात आवडतात ते हेच. छोट्या माशासारखे सुळकन पळणारे, लांब मिशांचे ते बीटिडी कुळातले. कडेच्या गाळात बारीकसा किडा मिळाला आणि कल्लेच दिसेनात तर घाई करू नका, केनिडी कुळातल्यांच्या पोटावर दोन चौकोनी झाकणं असतात, बाकीचे कल्ले त्याखाली लपलेले.

अजून एक, मेफ्लायच्या पाठीवरच्या पंखांच्या कळ्या काळ्या पडल्या असतील तर तो लवकरच पाण्याबाहेर येऊन उडणार. पंख फुटल्यावरही पुन्हा एकदा कात टाकणारा कीटकांमध्ये हा एकटाच, आणि मोठा झाल्यावर काही खात नाही, तोंड कामाचंच राहत नाही, कोणी काही तास जगतो कोणी एकदोन दिवस.

बघून झालं की किडे होते तिथेच सोडा आणि धोंडा होता तसाच पालथा ठेवा, उताणा राहिला तर खालची बाजू उन्हात सुकते. काकांना बशीतले कल्ले दाखवा, सहा पायही मोजू द्या.