वाचकांचे प्रश्न : इन्फ्रारेड छायाचित्रातील जास्वंद का हरवते?

प्रश्न : जुना डिजिटल कॅमेरा इन्फ्रारेडसाठी (डोळ्यांना न दिसणाऱ्या, लाल रंगापलीकडच्या किरणांसाठी) बदलून घेऊन मी त्यावर ७२० नॅनोमीटरचा फिल्टर, म्हणजे त्याहून कमी तरंगलांबीचा प्रकाश अडवणारी काच, वापरतो. परसातील जास्वंदीची पाने पांढरीशुभ्र येतात, परंतु लाल फूल त्यांत हरवून जाते. संगणकावर सेपिया टोन (कृष्णधवल चित्राला तपकिरी छटा) दिला, तर सगळे झाड वाळल्यासारखे दिसते. टोनिंगमध्ये काय बदल करावा? – एक वाचक, सातारा

उत्तर : टोनिंगकडे वळण्यापूर्वी फूल का हरवते ते पाहू. हरितद्रव्य निळा व लाल प्रकाश शोषून घेते, मात्र ७०० नॅनोमीटरच्या पुढचे किरण त्याला जवळजवळ अडवता येत नाहीत; ते पानाच्या आत शिरतात, पेशी आणि त्यांमधील हवेच्या पोकळ्या यांच्या सीमांवर विखुरतात आणि त्यांतील मोठा भाग बाहेर परततो. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९१० मध्ये अशी छायाचित्रे प्रसिद्ध केली, म्हणून पानांच्या या शुभ्रतेला ‘वुड परिणाम’ म्हणतात. (लाकडाशी त्याचा काही संबंध नाही.) जास्वंदीच्या पाकळीतील लाल रंगद्रव्यही या किरणांना अडवत नाही. डोळ्यांना दिसणारा लाल-हिरवा विरोध त्यामुळे फाइलमध्ये उतरतच नाही, आणि जे उतरले नाही ते टोनिंगने आणता येत नाही.

तेव्हा फूल वेगळे काढण्याचे काम प्रकाशाकडे सोपवावे. तिरप्या किंवा मागून येणाऱ्या उन्हात पाकळीच्या शिरा व चुण्या उठून दिसतात. पार्श्वभूमीला पाने न घेता निरभ्र आकाश, पाण्याचा हौद किंवा ओली माती घ्यावी. ही तिन्ही इन्फ्रारेडमध्ये गडद येतात. मागे काळे कापड धरण्याचा मोह होईल, पण अनेक काळे रंग हे किरण परावर्तित करतात आणि कापड चक्क करडे दिसते, म्हणून आधी त्याची चाचणी घ्यावी. कॅमेरा तिकाटण्यावर असेल, तर साध्या कॅमेऱ्याने त्याच चौकटीचे दुसरे छायाचित्र घेऊन त्याच्या हिरव्या चॅनलमधील (फक्त हिरव्या प्रकाशाची नोंद असलेल्या भागातील) गडद फूल मास्क लावून, म्हणजे बाकीचा भाग झाकून, वरच्या थरात मिसळता येते. मात्र चित्र असे जोडलेले आहे, हे चित्राखालील ओळीत नमूद करावे, असे माझे मत आहे.

छायाचित्र घेताना हिस्टोग्राममधील (उजळपणा दाखवणाऱ्या आलेखातील) लाल चॅनल स्वतंत्रपणे तपासावा. ७२० च्या फिल्टरबरोबर तोच सर्वांत आधी उजळपणाची कमाल मर्यादा गाठतो आणि एकत्रित आलेख ठीक दिसत असतानाही पानांतील तपशील जळून गेलेला असतो. फाइल रॉ (सेन्सरवरची मूळ, प्रक्रिया न केलेली नोंद) स्वरूपात ठेवून व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग कशाला मानायचा ते ठरवणारी जुळणी) हिरवळीवरून घ्यावा, प्रथम कृष्णधवल चित्र कर्व्हने (उजळ-गडद छटा बदलण्याच्या साधनाने) पूर्ण घडवावे आणि टोन त्यानंतरच द्यावा. सरसकट सेपियाने पानांचा पांढरा भाग पिवळा पडतो, आणि पिवळे पान आपण सवयीने वाळलेलेच समजतो. म्हणून उजळ भाग तटस्थ ठेवून फक्त छायांना तपकिरी किंवा जांभळट छटा द्यावी, तीही इतकी फिकी, की मूळ चित्र शेजारी ठेवल्याखेरीज जाणवू नये.

प्रश्न : आकाश निळे दिसावे म्हणून चॅनल मिक्सरमध्ये (संगणकावर रंगांचे चॅनल बदलण्याच्या साधनात) लाल व निळा चॅनल अदलाबदल करूनही माझ्या ८५० नॅनोमीटरच्या फिल्टरने घेतलेल्या छायाचित्रांत ते तसे होत नाही. असे का?

उत्तर : ८५० नॅनोमीटरच्या पुढच्या पट्ट्यात सेन्सरवरील लाल, हिरवे व निळे फिल्टर जवळपास सारखाच प्रकाश आत सोडतात. तिन्ही चॅनल एकसारखे असल्याने अदलाबदलीला काही उरत नाही. निळे आकाश हवे असेल, तर ६६५ किंवा ७२० चा फिल्टर घ्यावा. ८५० चा फिल्टर कृष्णधवल चित्रांसाठी राखून ठेवावा.