‘सर, ऐकून सांगा’: वाद्यवृंदी रीमिक्सवर वाचकांचे प्रश्न

गणपतीवर टांगलेली फळापानांची माटोळी उतरली की मुलांना मोकळा वेळ मिळत असावा, कारण दरवर्षी याच सुमारास माझ्याकडे फायली येऊ लागतात. जुन्या व्हिडिओ गेमची धून, तिच्यावर संगणकातला वाद्यवृंद आणि खाली एक ओळ: ‘सर, ऐकून सांगा कसं वाटतं.’ छान म्हटलं तर मुलं खूश होतात आणि तिथेच थांबतात. नेमकं विचारणारे थोडे असतात, आणि त्यांचे प्रश्नही फिरून तेच. म्हणून एकदाच लिहितो.

प्रश्न: आठ-बिट गेमच्या धुनेची मिडी फाइल (कोणता सूर कधी वाजवायचा याची संगणकी नोंद) मिळाली. प्रत्येक चॅनेलला एकेक वाद्य दिलं: व्हायोलिन, बासरी, चेलो. तरी खेळण्यातल्या कीबोर्डसारखं वाटतं. (विद्यार्थी, म्हापसा)

१९८३ साली जपानात आलेल्या निन्टेंडोच्या फॅमिकॉम या गेम-यंत्रात आवाजाचे पाचच मार्ग, म्हणजे चॅनेल, होते: दोन पल्स, एक त्रिकोणी लहर, एक नॉइज आणि एक छोट्या सॅम्पलसाठी, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजाच्या तुकड्यासाठी. त्रिकोणी लहरीला आवाज कमीजास्त करायची सोयसुद्धा नव्हती. वाजली तर पूर्ण, नाही तर गप्प. एवढ्याशा जागेत संसार करायचा म्हणून संगीतकारांनी युक्त्या काढल्या. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, तीन स्वरांची आणि मार्ग एकच असेल, तर ते स्वर एकामागून एक इतक्या वेगाने फिरवायचे की कानाला एकत्र भासावेत. तुम्ही ती भिंगरी जशीच्या तशी व्हायोलिनला दिलीत. भिंगरी म्हणजे कॉर्ड आहे हो! ती व्हायोला आणि चेलोंना वाटून द्या. कागदावर चाल, बेस आणि कॉर्ड वेगवेगळे उतरवा. नोटेशन येत नसेल तर येणाऱ्याकडे जाऊन तासभर बसा. गावच्या चर्चच्या कॉयरमध्ये एखादा तरी सापडेल.

प्रश्न: ४३२ हर्ट्झला ट्यून केलं तर संगीत निसर्गाशी जुळतं म्हणतात. करू का? (वास्को)

नको. वाद्यवृंदात ‘ए’ हा सूर ४४० किंवा त्याच्या आसपास लावतात, आणि ज्याच्या सुरावर बाकीचे आपली वाद्यं लावतात तो ओबोवाला तुमच्यासाठी नवा ओबो आणणार नाही.

प्रश्न: वाद्यवृंदाच्या लायब्ररीवर (रेकॉर्ड केलेल्या सुरांच्या संग्रहावर) अठरा हजार घातले. तरी मित्र म्हणतात, ‘खरं वाटत नाही.’ आता कोणती घेऊ? (फोंडा)

कोणतीही नको. तुमची फाइल मी तीनदा ऐकली. दोष लायब्ररीत नाही.

आधी ट्रॉम्बोन. चार-चार मात्रांचे बारा बार, ठोका मिनिटाला साठ. म्हणजे अठ्ठेचाळीस सेकंद अखंड, तेही पूर्ण जोरात. घरी मेणबत्तीवर अठ्ठेचाळीस सेकंद फुंकर मारून बघा, मग बोलू. हीच चूक मी तिशीत केली होती. पणजीतल्या एका तालमीत मडगावच्या एका म्हाताऱ्या वादकाने माझं पान वाचलं, ट्रॉम्बोन मांडीवर ठेवला आणि शांतपणे विचारलं, ‘हांवें श्वास केन्ना घेवचो?’ (मी श्वास कधी घ्यायचा?) सगळी तालीम हसली. त्या रात्री मी सगळे पार्ट, म्हणजे प्रत्येक वाद्याची वेगळी पानं, पुन्हा लिहिले.

मग स्ट्रिंग्स. तुम्ही एन्सेम्बल पॅच (अख्ख्या विभागाचा एकत्र आवाज) उघडून दोन्ही हातांनी आठ स्वरांची कॉर्ड दाबलीत. त्या पॅचमध्ये प्रत्येक स्वराला पूर्ण विभाग वाजतो. सोळा व्हायोलिन धरली तर आठ स्वरांना एकशे अठ्ठावीस झाली. खऱ्या वाद्यवृंदात तेच सोळा जण स्वर आपसांत वाटून घेतात. स्वर वाढले की प्रत्येकाच्या वाट्याची माणसं कमी होतात आणि आवाज बारीक होतो. तुमच्याकडे कॉर्ड मोठी होईल तसा वाद्यवृंदही फुगतो, म्हणून चिखल होतो. तो इक्वलायझरने धुऊन निघत नाही. व्हायोलिन, व्हायोला, चेलो वेगवेगळे घ्या आणि एका ओळीत एका वेळी एकच सूर लिहा. व्हायोलिनचा सर्वांत खालचा सूर म्हणजे त्याची मोकळी ‘जी’ (G) तार. त्याखाली व्हायोलिन नाही.

पाश्चात्त्य बासरीचंही तेच. खालच्या सप्तकात ती कुजबुजते. तिच्यावर चार हॉर्न घातलेत आणि मग फेडर (आवाज वरखाली करणारी पट्टी) ढकलून तिला वर आणलंत. ती ऐकू येते, पण कानाला संशय येतो. एक सप्तक वर लिहिली असती तर फेडरला हात लावायची वेळ आली नसती. आणि मॉड व्हील, सुराचा जोर कमीजास्त करणारं चाक? अख्ख्या चार मिनिटांत एकदाही हललेलं नाही. माणूस एक लांब सूरसुद्धा सरळ रेषेत धरत नाही, तो फुलतो आणि ओसरतो.

हे सगळं कोणीही वाजवणारा दोन मिनिटांत सांगेल. म्हणून माझा एकच हट्ट असतो: पार्ट छापा आणि त्या वाद्याच्या माणसाच्या हातात द्या. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या लोकांना मान मिळाला तो उगाच नाही. पॅरिश शाळांत सोल्फेज (नोटेशन बघून सूर गाणं) घोटलेले हे लोक. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस काय, सबॅस्टियन डिसोझा काय, वाद्यवृंदाचे पार्ट कागदावर लिहिताना समोर कोण बसणार आहे हे त्यांना ठाऊक असायचं. तुमच्यासमोर पडदा आहे. पडदा दमत नाही, तक्रारही करत नाही. तेव्हा नवी लायब्ररी घेण्याआधी एका ट्रॉम्बोनवाल्याला जेवायला बोलवा. स्वस्त पडेल.

प्रश्न: रीमिक्समध्ये घुमट (मातीच्या मडक्याचं आपलं तालवाद्य) घालायचं आहे. कोणता सॅम्पल पॅक चांगला? (डिचोली)

डिचोलीत राहून घुमटाचा सॅम्पल पॅक? वादक उजव्या हाताने चामड्यावर वाजवतो आणि मडक्याचं मागचं तोंड डाव्या हाताने झाकत-उघडत आवाज वाकवतो. सॅम्पलमध्ये ते वाकणं मरतं. गावच्या आरती पथकातल्या एखाद्याला बोलवा. एक माइक चामड्याकडे आणि दुसरा मागच्या तोंडाकडे ठेवा. वाद्य बकऱ्याच्या चामड्याचंच असू द्या. घोरपडीच्या चामड्याला वन्यजीव कायद्याची मनाई आहे. ताल कुठे बसतो, शामेळ (घुमटाच्या साथीचं तालवाद्य) हवं की नको, हे त्यालाच विचारा. तो मान हलवेपर्यंत टिंपनी (वाद्यवृंदातले मोठे नगारे) घालू नका.

प्रश्न: एक कंपनी ४,९९९ रुपयांत ‘तज्ज्ञांचा अभिप्राय, हॉलिवूड मास्टरिंग आणि हमी’ देते. आज रात्रीपर्यंत सूट आहे. (मडगाव)

ती सूट उद्याही असते. हमी कसली, हे त्यांना लेखी विचारा. अभिप्राय देणारा कोण, त्याने काय लिहिलंय, तो मिनिट-सेकंद सांगून बोलणार की ‘बेस थोडा वाढवा’ म्हणणार, हेही विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे खिशात ठेवा. अभिप्राय आणि मास्टरिंग, म्हणजे तयार गाण्यावरचा शेवटचा हात, एकत्र विकणं मला मुळातच पटत नाही. भिंत वाकडी आहे म्हणून सांगणाऱ्यानेच तिला रंग मारायचा, तर तो वाकडी कशाला म्हणेल?

अभिप्रायासाठी फाइल कोणालाही द्या, मास्टरिंगच्या आधी द्या. मास्टर बसवर (सगळे आवाज एकत्र येतात तिथे) लिमिटर, म्हणजे आवाजाची शिखरं दाबणारं साधन, नको; २४ बिटची वेव्ह फाइल, स्ट्रिंग्स-ब्रास-वुडविंड-तालवाद्यं वेगवेगळी, सोबत मूळ धून आणि तीन नेमके प्रश्न. ‘कसं वाटलं’ हा प्रश्न नव्हे. आवाज मोठा करण्याच्या मागेही लागू नका. स्पॉटिफाय तो स्वतःच साधारण उणे १४ एलयूएफएसवर (आवाज किती मोठा भासतो याचं माप) आणतं. तुम्ही दाबून मोठा केलेला वाद्यवृंद तिथे नुसता चपटा ऐकू येतो.

प्रश्न: तीस सेकंदांपेक्षा कमी वापरलं आणि खाली श्रेय दिलं की कॉपीराइट लागत नाही ना? (साखळी)

लागतो. तीस सेकंदांची सूट कायद्यात कुठेही नाही, आणि श्रेय म्हणजे परवानगी नव्हे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कव्हर आवृत्तीसाठी (आधी आलेलं गाणं नव्याने गाऊन-वाजवून काढण्यासाठी) ३१-सी हे कलम आहे, पण त्यात पूर्वसूचना, रॉयल्टी, मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षं थांबण्याची अट आणि मूळ कृतीत बदल करण्यावर मर्यादा आहेत. तुम्ही तर बदलच करताय. गेम कंपन्यांची धोरणंही एकसारखी नसतात. पैसे कमवायचे असतील तर प्रसिद्ध करण्याआधी या विषयातल्या वकिलाकडे जा. नोटीस आल्यावर मला पाठवू नका.

प्रश्न: रात्री हेडफोनवर मिक्स करतो. तीन आठवडे उजव्या कानात शिट्टी वाजते. हेडफोन बदलू का? (काणकोण)

तीन आठवडे! हेडफोन बाजूला ठेवा आणि उद्या सकाळी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. ऐकू कमी येत असेल किंवा चक्कर येत असेल तर उद्याचीही वाट पाहू नका. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सोपा आहे: ८० डेसिबलला आठवड्याचे चाळीस तास, ९० ला फक्त चार. पण तो हिशेब चांगल्या कानांसाठी आहे. तुमच्या कानांचं डॉक्टरच सांगतील. तोवर मिक्स पडून राहू दे.

प्रश्न: मुलगा चौदा वर्षांचा. दिवसभर गेमची गाणी ‘ऑर्केस्ट्रा’ करत बसतो. हे खरं संगीत आहे का? (एक आई, पेडणे)

आहे, ताई. १९८७ सालीच टोकियोत गेमच्या संगीताची वाद्यवृंद मैफल झाली, आणि २०११ मध्ये ‘बाबा येतू’ या एका गेमच्या गाण्याला ग्रॅमी मिळाला. पण दिवसभर पडद्यासमोर नको. कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे. प्रवेश कधी आणि शुल्क किती, ते तिथेच जाऊन विचारा. लांब पडत असेल तर जवळपासचा व्हायोलिन शिक्षक शोधा आणि दोन तालमी नुसत्या ऐकायला बसवा. त्याने केलेलं एखादं पान सोबत छापून द्या, आणि हेडफोन घरीच राहू द्या.