‘दात किडले, माझंच चुकलं’ म्हणणाऱ्या आयांसाठी

शाळेत दंततपासणी झाली की आठवड्याभरात मला फोन यायला लागतात. मुलाच्या वहीत चिठ्ठी आलेली असते, ‘दात किडले आहेत, डॉक्टरांना दाखवा.’ ती चिठ्ठी घेऊन आई डॉक्टरांआधी माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे येते, कारण तिला ती स्वतःच्या प्रगतिपुस्तकासारखी वाटते. “मॅडम, माझंच लक्ष कमी पडलं,” हे मी इतक्या जणींकडून ऐकलंय, की आज त्यावर लिहायचं ठरवलं.

त्यातलीच एक आई. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टची नोकरी. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत. वरचे पुढचे दात तपकिरी होऊन झिजलेले, खालच्या दाढेत खड्डा. रात्री ठणका लागला की रडायचा, पण तोंड उघडून दाखवायचा नाही. डॉक्टरांच्या खुर्चीजवळ नेलं तर किंचाळून घर डोक्यावर घेतलेलं. सासूबाई म्हणायच्या, “दुधाचेच आहेत, पडतील की.” नवरा म्हणायचा, “तू बघ.” आणि ही सगळा दोष स्वतःकडे घेऊन बसलेली.

मी म्हटलं, “चूक कुणाची ते जरा बाजूला ठेवू. काल दिवसभरात त्याच्या तोंडात काय काय गेलं, वेळेसकट सांगा.”

“सकाळी साखर घालून दूध. व्हॅनमध्ये बसताना चॉकलेट, नाहीतर रडतो. डब्यात पोळीभाजी आणि क्रीमचं बिस्कीट. घरी आल्यावर आजी बिस्किटं देतात. मी सेकंड शिफ्टला निघताना एक टॉफी, मागे लागू नये म्हणून. रात्री...”

“रात्री?”

“साडेअकरा होतात मला यायला. माझ्यासाठी जागा राहतो. मग चॉकलेट पावडर घालून दूध देते आणि झोपवते. दिवसभर भेटले नसते ना.”

“यातलं भुकेसाठी किती होतं?”

ती बराच वेळ गप्प राहिली. मी मध्ये बोलले नाही. मग हळूच म्हणाली, “दूध आणि पोळीभाजी. बाकी सगळं म्हणजे मी त्याला सॉरी म्हणतेय.”

हे तिचं तिला सापडलं, आणि माझ्या कामातलं खरं समाधान मला अशाच क्षणी मिळतं. घटनेपेक्षा आपण तिच्यावर दिलेला निकाल माणसाला जास्त छळतो, या विचारावर माझी श्रद्धा आहे. ‘मी नोकरी करते म्हणजे वाईट आई’ हा तिचा निकाल. त्याची भरपाई टॉफीने व्हायची, दात किडायचे, ती मुलावर ओरडायची, आणि ओरडल्याचं वाईट वाटलं की पुन्हा टॉफी. जबाबदारी घेणारी आई पुढे काय करायचं ते बघते. अपराधीपणात बुडालेल्या आईला स्वतःपलीकडे काही दिसत नाही.

मग मी तिला दातांचं साधं गणित सांगितलं. गोड खाल्लं की दातांवरचे जंतू त्याचं आम्ल करतात. लाळ ते हळूहळू निवळवते, पण तिला मध्ये वेळ मिळाला पाहिजे. म्हणून गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे रात्रीचं ते दूध सगळ्यात घातक. “म्हणजे गोड तोडायचं नाही, जेवणासोबत द्यायचं?” तिने विचारलं. चेहरा पहिल्यांदाच सैलावला होता.

मुलाशी मी वेगळं बोलले. “दाताच्या डॉक्टरांकडे कशाला जायचं असतं रे?” तो म्हणाला, “ब्रश नाही केला की सुई टोचायला.” घरातल्या प्रत्येकाने त्याला हीच धमकी दिली होती! तोंड उघडलं की शिक्षा ठरलेली, मग तो उघडेल कसा? धमकी बंद करायला लावली. लहान मुलांच्या दंतवैद्यांकडे पहिल्या खेपेला फक्त दात मोजून घेतले. ‘अजिबात दुखणार नाही’ असं खोटं वचनही द्यायचं नाही, हे मी आईला बजावलं होतं.

एक दाढ काढावीच लागली, जागा राखायला तार बसवली. सासूबाईंना मी विचारलं, “आजी, ही दाढ दहा-अकरा वर्षांपर्यंत टिकायची असते. तोवर त्याने चावायचं कशाने?” त्या दिवसापासून रात्रीचा ब्रश आजींनी स्वतःकडे घेतला. तिथेच सुनेचा अर्धा भार उतरला.

2002-03 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आपल्याकडच्या पाच वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले होते. तेव्हा चिठ्ठी आली म्हणून स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका, वेळ घ्या आणि डॉक्टर गाठा. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचे दात मोठ्यांनीच घासून द्यावेत, त्याच्या हाताला अजून तेवढं वळण नसतं. फ्लोराइडची पेस्ट तिसऱ्या वर्षानंतर वाटाण्याएवढी पुरे, त्याआधी तांदळाच्या दाण्याएवढी. थुंकायला सांगा, खळखळून चूळ नको. आणि सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे, कुठलाही दात न पडता, एक नवी दाढ येते. ती कायमची असते. आज रात्री ब्रश करताना टॉर्च लावून तेवढी बघा.