भोसरीहून चाकण एमआयडीसीत रोज बाइकने जाणं कितपत सुरक्षित आहे?

तुमच्या धाकट्या भावाला चाकणला नोकरी लागली आहे, कंपनीची बस फार लवकर निघते म्हणून तो बाइकने जायचं म्हणतोय, जाऊ द्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मी मोशीत राहतो, म्हाळुंगेच्या एका कारखान्यात कामाला आहे. माझं म्हणणं स्पष्ट आहे: झोप थोडी कमी झाली तरी चालेल, त्याला बसनेच पाठवा.

लोक ट्रॅफिकची तक्रार करतात, पण ट्रॅफिकमध्ये वेळ जातो, जीव सहसा जात नाही. जीव जातो ट्रॅफिक सुटल्यावर. चाकणच्या तळेगाव चौकात पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता एकमेकांना छेदतात. न्हावाशेवा बंदराकडे निघालेले कंटेनर, नव्या कोऱ्या गाड्या वाहणारे ट्रेलर, शिफ्टच्या बस, राजगुरुनगरकडची एसटी, सगळं त्या एका चौकातून जातं. तिथे अडकून पडलेल्या माणसाला पंचिंगची वेळ दिसत असते. कंत्राटी पोरांचा तर उशीर झाला की पगार कापतात. मग चौक ओलांडला रे ओलांडला की जो तो गाडी हाणतो, नाहीतर राँग साइडने घुसतो.

भावाला एक गोष्ट मात्र बसवून समजावून सांगा. लांब ट्रेलर डावीकडे वळायच्या आधी थोडा उजवीकडे जातो. डाव्या बाजूला मोकळी जागा दिसते आणि बाइकवाले त्यात शिरतात. पण ट्रेलरची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत, ती आतून कापत येतात, आणि ती जागा बघता बघता बंद होते. ड्रायव्हर उजवीकडे, उंचावर. केबिनच्या डाव्या अंगाला खेटलेली बाइक त्याला दिसत नाही. पूर्वी क्लीनर खिडकीतून डोकं काढून पत्र्यावर थाप मारायचा. आता कितीतरी ट्रेलरवर ड्रायव्हर एकटाच असतो. हॉर्न वाजवून उपयोग नाही. मागेच थांबायचं, ट्रेलर पूर्ण वळू द्यायचा.

सेकंड शिफ्टला बाइक नकोच. रात्री कडेला ट्रक उभे असतात, बऱ्याचदा मागचे दिवे बंद. चाकाला लावलेला दगड ट्रक गेल्यावर रस्त्यातच राहतो, तो हेडलाइटमध्ये अगदी जवळ आल्यावर दिसतो. पावसाळ्यात साइडपट्टी खचते, तेव्हा कडेने निघायची वाटही उरत नाही.

आणखी एक, हे बऱ्याच कामगारांना माहीतच नसतं. तो ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत येत असेल (साधारण २१ हजारांपर्यंत पगार असलेले येतात), तर कामावर जाताना किंवा घरी परतताना झालेला अपघातही कामावरची इजा धरला जातो. २०१० साली कायद्यात ही दुरुस्ती झाली. फक्त अपघाताची वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध दिसायला हवा, म्हणून हजेरीची नोंद महत्त्वाची. कंत्राटदाराकडून रुजू झाल्याबरोबर ईएसआय नंबर मागून घ्या आणि त्याचा फोटो घरातल्या एकाच्या तरी मोबाइलमध्ये ठेवा. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर मात्र आधी कपातीची पावती बघा: पैसे कापले जात असतील तर नंबर असायलाच हवा, पण नुसत्या कपातीवरून तो आहेच असं धरू नका.