आठ जीबी रॅमवर नेटवर्कची लॅब उभी राहील का?

प्रश्न : ताई, मी बार्शीला बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सिस्को या नेटवर्क-उपकरणांच्या कंपनीच्या सीसीएनए परीक्षेची तयारी करते आहे. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा. जुने राउटर विकत घेणं परवडत नाही. पॅकेट ट्रेसर या सिस्कोच्या सराव-सॉफ्टवेअरवर बरंच करून झालं, पण सीनिअर म्हणतात त्याला कोणी विचारत नाही, ईव्ह-एनजी (राउटरचं खरं सॉफ्टवेअर चालवणारं लॅब-साधन) टाक. ते टाकलं तर दोन राउटर चालू होईपर्यंतच लॅपटॉप हँग होतो. एका मित्राने सिस्कोच्या राउटर-सॉफ्टवेअरच्या फाइलची (इमेजची) लिंक दिली आहे. ती वापरू का? की आधी रॅम वाढवू?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : रॅमवर आत्ता पैसे घालू नकोस आणि ती लिंकही वापरू नकोस. आयओएसची, म्हणजे सिस्कोच्या राउटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमची, इमेज ही सिस्कोची मालमत्ता आहे, लायसन्सशिवाय ती चालवणं गैर आहे. शिवाय कोणी तरी ड्राइव्हवर टाकलेल्या फाइलमध्ये आणखी काय दडलंय, हे तुला तपासता येणार नाही.

पॅकेट ट्रेसरला नावं ठेवलेली मला पटत नाहीत. व्हीलॅन, ट्रंक, सबनेटिंग, एसीएल अशा पायाच्या सरावासाठी ते उत्तम आहे. पण ते सिम्युलेटर आहे. सिस्कोने त्यात जेवढ्या कमांड घातल्या तेवढ्याच चालतात. खरं आयओएस साध्या पीसीवर चालवण्याची वाट २००५ साली क्रिस्तोफ फियो यांच्या डायनामिप्स या एम्युलेटरने मोकळी केली आणि त्यावरच पुढे जीएनएस-थ्री हे लॅब-सॉफ्टवेअर उभं राहिलं. आजचे व्हर्च्युअल राउटर मात्र जड आहेत. सिस्कोचा सीएसआर १०००व्ही एकटाच सुमारे ४ जीबी रॅम मागतो. तुझा लॅपटॉप का अडकतो, ते यात आलं.

तू लिनक्सच्या वाटेने जा. विंडोजमध्ये लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल-टू चालू कर, त्यात उबुंटू हे लिनक्स, कंटेनर चालवणारं डॉकर आणि त्या कंटेनरची लॅब जोडणारं कंटेनरलॅब टाक. राउटर म्हणून एफआरआर हे सॉफ्टवेअर घे. २०१७ साली क्वागा या जुन्या राउटिंग सॉफ्टवेअरमधून फुटून निघालेला हा मुक्त प्रकल्प आहे आणि त्याच्या कमांड सिस्कोच्या इतक्या जवळच्या आहेत की हात लगेच बसतो. कंटेनरला (प्रोग्राम चालवायच्या वेगळ्या कप्प्याला) स्वतःचं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, नसतं, सगळे मिळून एकच वापरतात. म्हणून एकेका राउटरचा हिशेब जीबीऐवजी एमबीत होतो आणि सहा-सात राउटर तुझ्या मशिनवर आरामात मावतात.

पहिली लॅब तीन राउटरच्या त्रिकोणाची कर. सुरुवातीलाच एक ठिकाण अडेल : ओएसपीएफ (राउटरनी एकमेकांना रस्ते सांगण्याची पद्धत) चालू करायला ‘राउटर ओएसपीएफ’ टाइप करशील आणि ते चालणार नाही. एफआरआरच्या ‘डीमन्स’ नावाच्या फाइलमध्ये ‘ओएसपीएफडी’समोर मुळात ‘नो’ असतं. ते ‘येस’ करून राउटर पुन्हा चालू कर.

पिंग (समोरचं मशिन उत्तर देतं का, याची चाचणी) यशस्वी झाला की बहुतेक मुलं लॅब बंद करतात. माझ्या मते लॅबचं खरं काम तिथून पुढे सुरू होतं. एका लिंकच्या फक्त एका टोकाचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४०० कर आणि ओएसपीएफ नव्याने जुळू दे. साधा पिंग व्यवस्थित जाईल, पण ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’मध्ये शेजारी राउटर एक्सस्टार्ट नाहीतर एक्सचेंज या मधल्या अवस्थेवर अडून बसेल, पूर्ण जुळल्याच्या ‘फुल’ अवस्थेपर्यंत जाणारच नाही. कारण डेटाबेस डिस्क्रिप्शनच्या पॅकेटमध्ये प्रत्येक राउटर आपला एमटीयू सांगतो, आणि समोरचा आकडा आपल्यापेक्षा मोठा असेल तर ते पॅकेट टाकून देतो. ‘एमटीयू-इग्नोर’ लावलं की शेजार जुळतो, पण मूळ दोष तसाच राहतो. आधी टीसीपीडम्प हे पॅकेट दाखवणारं साधन लावून ते पॅकेट डोळ्यांनी बघ. मी मुलाखत घेते तेव्हा हाच प्रश्न विचारते. ज्याने हे स्वतः पाहिलंय तो कसा बोलतो, ते पहिल्या वाक्यातच कळतं.

नंतर टायमर. हॅलो पॅकेट दर १० सेकंदांना, आणि ते आलंच नाही तर ४० सेकंदांनी शेजारी ‘डेड’, हे तुझं पाठ असेल. ते बघायला इंटरफेस डाउन केलास तर फसशील : कंटेनरमधली लिंक ही जोडी असते, एक टोक पडलं की दुसऱ्यालाही त्याच क्षणी कळतं आणि शेजार तत्काळ तुटतो. त्याऐवजी एका राउटरच्या नेमस्पेसमध्ये, म्हणजे त्याच्या वेगळ्या नेटवर्क-कप्प्यात, आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलने येणारा प्रोटोकॉल ८९, म्हणजे ओएसपीएफ, ड्रॉप कर (ते टीसीपी-यूडीपीवर चालत नाही, थेट आयपीवर चालतो). आता पिंग चालूच राहील, ४० सेकंदांनी तो राउटर शेजारी सोडून देईल, आणि दुसऱ्या बाजूला हाच राउटर ‘इनिट’ या सुरुवातीच्या अवस्थेत दिसेल. प्रत्यक्ष नेटवर्कमध्ये एकाच दिशेने बिघडलेली लिंक नेमकी अशी दिसते.

स्विचच्या चिपचा वेग, पीओई (केबलमधून दिलेली वीज), सैल बसलेली केबल, खराब एसएफपी (स्विचमध्ये बसणारा केबल-जोडणीचा मॉड्यूल) यातलं काहीही या लॅबमध्ये कळणार नाही. तिथे मोजलेल्या स्पीडवर विसंबू नकोस. आणि होस्टेलच्या वायफायला लॅब ब्रिज करू नकोस. तुझ्या लॅबमधला, आयपी पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर बाहेर पोचला तर इतर मुलींना चुकीचे पत्ते मिळून त्यांचं इंटरनेट बंद पडेल.

हे जमलं की बीजीपीला, म्हणजे वेगवेगळ्या नेटवर्कनी एकमेकांना रस्ते सांगण्याच्या पद्धतीला, हात घाल. एफआरआरमध्ये दोन वेगळ्या एएसमधले (स्वतंत्र नेटवर्कमधले) शेजारी जोडलेस की सेशन उभं राहील, पण रूट एकही येणार नाही आणि समरीमध्ये आकड्याच्या जागी ‘पॉलिसी’ असं दिसेल. त्याचं कारण आरएफसी ८२१२ या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजात आहे. ते वाच, दोन्ही बाजूंना रूट-मॅप (कोणते रूट घ्यायचे-द्यायचे याचा नियम) लाव, आणि तरीही अडलीस तर दोन्ही राउटरचं कॉन्फिग या सदराकडे पाठव.