जमिनीच्या आधी माणसं म्हणणारे रब्बी अमिताल

प्रश्न: बातम्यांमधे इस्रायलचे जे धार्मिक नेते दिसतात ते सगळे "पॅलेस्टिनींना एक इंच जमीन देणार नाही" वालेच असतात. धार्मिक झायनिस्ट, म्हणजे इस्रायल हे ज्यू राष्ट्र धर्माचाच भाग मानणारा, रब्बी (ज्यू धर्मगुरू) राजकारणात आला म्हणजे तो उजवाच असणार का? वेगळं बोलणारा कोणी झालाच नाही का?

उत्तर: झाला ना, आणि तोही साधासुधा नाही. येहुदा अमिताल. जन्म १९२४ चा, ओरादिया गावचा, जे आता रोमानियात आहे पण १९४४ मधे हंगेरीच्या ताब्यात होतं. त्या वर्षी नाझींनी घरच्यांना ऑशविट्झला नेऊन मारलं, आणि हा तरुण मुलगा मजूर छावणीत होता म्हणून वाचला. रशियन सैन्याने सोडवल्यावर वर्ष संपायच्या आत तो पॅलेस्टाईनला पोचला, जेरुसलेममधे शिकून रब्बी झाला आणि १९४८ च्या युद्धात लढला सुद्धा.

पुढे त्यांचं नाव झालं ते हेस्देर येशिवांमुळे. येशिवा म्हणजे तोरा-तालमुद हे ज्यू धर्मग्रंथ शिकायची जागा आणि हेस्देर म्हणजे तिथली मुलं शिक्षण आणि लष्करी सेवा दोन्ही करतात, अतिधार्मिक हरेदी लोकांसारखी सेवा टाळत नाहीत. १९६७ च्या युद्धात वेस्ट बँक हा पॅलेस्टिनी वस्तीचा प्रदेश इस्रायलच्या हातात आला आणि लगेच १९६८ मधे तिथल्या गुश एत्झिऑन भागात हर एत्झिऑन ही येशिवा सुरू झाली, तिचे प्रमुख अमिताल. म्हणजे बघा, माणूस वसाहतींच्या, म्हणजे जिंकलेल्या जमिनीवर ज्यूंनी वसवलेल्या वस्त्यांच्या, मधोमध बसलेला! काही वर्षांनी अमेरिकेतून रब्बी अहरोन लिख्टेनस्टाइन आले तर यांनी प्रमुखपद त्यांना देऊ केलं, ते म्हणाले दोघं मिळून चालवू, आणि मग कित्येक वर्षं दोघांनी खरंच मिळून चालवली. एका गादीवर दोन गुरू एवढी वर्षं गुण्यागोविंदाने, आपल्याकडे तरी कुठे दिसतं हो?

प्रश्न: मग वसाहतीत येशिवा चालवणारा माणूस जमीन द्यायला तयार कसा झाला? दबाव आला का?

उत्तर: दबाव नाही, मत बदललं, आणि ते पण हळूहळू. १९७३ च्या योम किप्पुर युद्धात त्यांच्या येशिवाचे ८ विद्यार्थी मारले गेले. एवढ्याशा संस्थेतली ८ पोरं म्हणजे विचार करा. पण गंमत अशी की त्यानंतरच्या भाषणांमधे ते उलट या युद्धाला ज्यूंच्या दैवी मुक्तीच्या वाटेवरचा टप्पा म्हणत होते, आणि वसाहतवाल्या गुश एमुनिम चळवळीतल्या लोकांना ती भाषणं फार आवडली. म्हणजे सुरुवातीला तेही त्याच सुरात होते, हे त्यांचे चाहते सांगताना विसरतात. सूर बदलला तो १९८२ च्या लेबनॉन युद्धाच्या वेळी. तेव्हापासून ते उघड सांगायला लागले की क्रम आधी इस्रायलचे लोक, मग तोरा, मग भूमी असा आहे, आणि जीव वाचणार असतील तर जमीन सोडायला धर्म आड येत नाही. स्वतःच्याच गोटात शिव्या खाल्ल्या त्यासाठी.

ते विद्यार्थ्यांना एक हसिदी (ज्यूंच्या एका भक्तिपंथातली) गोष्ट सांगायचे. एक रब्बी अभ्यास करत असतात, लांबच्या खोलीतलं बाळ रडायला लागतं, ते पुस्तक मिटून जातात आणि बाळाला शांत करतात. बाळाच्या जवळच्याच खोलीत रब्बींच्या घरातला एक जण अभ्यासात इतका बुडालेला की त्याला रडणं ऐकूच आलं नाही. त्यावर रब्बी म्हणतात, बाळाचं रडणं ऐकू येत नसेल तर तुझ्या शिकण्यातच काहीतरी चुकतंय. माझ्या मते अमितालांचं सगळं राजकारण यात आलं.

प्रश्न: आणि मंत्री कसे झाले? निवडून आले होते का?

उत्तर: छे, निवडणुकीत सपाटून पडले! १९८८ मधे त्यांनी मेइमाद नावाचा मवाळ धार्मिक पक्ष काढला, तेव्हा नेसेटमधे (इस्रायलच्या संसदेत) जायला फक्त १ टक्का मतं लागायची, तीही मिळाली नाहीत. मग ४ नोव्हेंबर १९९५ ला पंतप्रधान राबिन यांचा खून झाला आणि मारणारा धार्मिक झायनिस्ट तरुण, हेस्देर येशिवात शिकलेला निघाला, म्हणजे अमितालांच्याच जगातला. देश उभा फाटला होता, तेव्हा राबिन यांच्या जागी पंतप्रधान झालेल्या शिमोन पेरेस यांनी अमितालांना बिनखात्याचं मंत्री केलं. इस्रायलमधे पंतप्रधान नेसेटचा सदस्य लागतो पण मंत्र्याला ती अट नाही, त्यामुळे अडचण आली नाही. मे १९९६ च्या निवडणुकीत पेरेस यांच्याविरुद्ध नेतान्याहू जिंकले आणि पुढच्याच महिन्यात हे मंत्रिपद संपलं.

ते परत येशिवात रमले आणि आपल्यानंतर कोण हेही जिवंतपणीच ठरवून मोकळे झाले. जुलै २०१० मधे ८५ व्या वर्षी गेले. मेइमादचं म्हणाल तर १९९९ मधे मजूर पक्षाच्या एहुद बराक यांच्या आघाडीतून मेइमादचे रब्बी मायकेल मेल्खिओर नेसेटमधे गेले, मंत्री पण झाले. २००९ ला पक्षाने पर्यावरणवाल्यांबरोबर युती करून पाहिली, पण एकही जागा आली नाही.